कंधारकर बाईंचा वांधा

परवा माझी नात शाळेतून एक पत्रक घेऊन आली. गुळगुळीत कागद, वर दिवा पेटलेल्या मेंदूचं चित्र आणि खाली ठळक इंग्रजीत, जिज्ञासू मुलांसाठी महास्पर्धा. मागच्या पानावर अभ्यासक्रम. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. जिज्ञासेचा अभ्यासक्रम! आठ घटक, प्रत्येक घटकाला ठरलेले गुण, सरावाचं पुस्तक वेगळं, आणि सरावाचा वर्ग दर रविवारी सकाळी सात वाजता. म्हणजे ज्या पोराला काही विचारावंसं वाटतं त्याने आधी रविवारी सातला उठून काय विचारायचं ते पाठ करून यायचं. माझं डोकं असं काही फिरलं की मी तो कागद टराटरा फाडला. नात रडायला लागली. "आजी, तो सबमिट करायचा होता! यू आर सो मीन!" मग सून बोलली, मुलगा बोलला, आणि मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दार लावून राग जात असता तर काय हवं होतं. हा राग जुना आहे, नव्वदच्या दशकातला आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचाच आहे. नातीला ते कसं सांगणार? तिला मराठी वाचताना जोडाक्षर आलं की ठेच लागते. म्हणून इथे लिहून ठेवते. वाचेल तो वाचेल.

मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले आणि अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका मराठी शाळेत मराठी शिकवायला लागले. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना नमस्कार करत होते, तेवढ्यात दारातून एक बुटकी, सावळी, दणकट बाई आत आली. एका कानावर खडूचा तुकडा, सुतार पेन्सिल ठेवतो तसा. काखेत हेल्मेट. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नवी का गं तू? कुठली?"

"पुण्याची," मी म्हटलं.

"हौ, ते दिसायलंच," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'ए पुणे' झाले. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. ही कंधारकर बाई. गणित आणि विज्ञान. घराणं निजामाच्या राज्यातल्या कंधारकडचं, पण आजोबांच्या वेळेपासून अंबरपेठेत. लग्न केलेलं नव्हतं, का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांना 'अगं-अरे'. मुख्याध्यापकांना तेवढं 'ओ सर', आणि तेही असं की त्यापेक्षा 'अरे' बरं वाटावं.

त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला अंगावर काटा यायचा. अर्धं मराठवाडी, पाव दखनी, उरलेलं तेलुगू. "कायकू रडायलीस गं?" "नक्को रे, असं नक्को करू." "त्या पोट्ट्याला बोलव." मी शुद्धलेखनाची भक्त. फळ्यावर कुणी वेलांटी चुकवली तर मला जेवण जात नसे. मी एकदा त्यांना हळूच म्हटलं, "बाई, मुलं तुमचं ऐकून तसंच लिहितात."

"आणि तुझं ऐकून काय लिहितात?" त्यांनी विचारलं.

"शुद्ध."

"शुद्ध काय लिहितात, ते विचारले मी."

आणि बाई चहाची बशी रिकामी करून बाहेर निघून गेल्या.

पण बाईंची ओळख सगळ्या शाळेला होती ती वांध्यामुळे. पाण्याच्या नळाजवळ एक पडका फळा होता. दर शनिवारी शाळा सुटताना बाई त्यावर एक प्रश्न लिहीत. वर मथळा, 'या आठवड्याचा वांधा'. पाचवीपासून दहावीपर्यंत कुणीही उत्तर द्यावं. चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली ठेवलेल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. नियम दोन. पहिला, उत्तराखाली 'का' लिहिलेलं नसेल तर चिठ्ठी केराच्या टोपलीत, मग उत्तर बरोबर का असेना. दुसरा नियम माझ्या अजून मनात बसलेला आहे. प्रश्नच चुकीचा वाटला तर प्रश्नावरच वांधा घ्यायचा. वांधा खरा ठरला तर फळ्यावर काट मारायची आणि ज्याने वांधा घेतला त्याने पुढच्या शनिवारचा प्रश्न घालायचा. बक्षीस काय, तर एवढंच. आणि त्यासाठी पोरं जिवाचं रान करायची.

मंगळवारी मधल्या सुट्टीत बाई डबा उघडत. आधी चुकलेली उत्तरं वाचत, चांगली चुकलेली आधी. "ऐका, ऐका, सहावीतल्या पोट्टीने काय लिहिलंय ऐका. चुकली, पण काय चुकली!" असं म्हणून त्या इतक्या खूश होत की बरोबर उत्तरवाल्यांना आपण उगाच बरोबर आलो असं वाटायचं. चांगल्या चुका त्या घरी नेऊन ट्रंकेत ठेवत.

एकदा आठवीतल्या एका मुलीने वांधा जिंकून प्रश्न घातला. लग्नाच्या पंगतीत दहा माणसं बसली आहेत. वाढपी भात घेऊन येतो. दहाही जण 'चालू' म्हणतात. वाढपी हुशार आहे, तो सहा जणांना वाढतो आणि चौघांना वाढत नाही, आणि दहाही जण खूश आहेत. हे कसं? मी बराच वेळ फळ्यासमोर उभी राहिले आणि मला ते सुटलं नाही. शेवटी नळावर पाणी प्यायला आलेल्या पाचवीतल्या पोराने मला सांगितलं, "मॅडम, चौघं तेलुगू आहेत की. तेलुगूत चालू म्हणजे पुरे." पुण्यात हा प्रश्न कुणाला सुटला नसता, आणि मला तर हा प्रश्न गणितात बसतो हेच पटेना. बाईंनी मात्र त्या मुलीला फळ्यापाशी उभं करून सगळ्या शाळेकडून टाळ्या घेतल्या.

दुसरी गोष्ट इन्स्पेक्टरची. शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. सहावीत गेले, एका मुलाला उभं केलं आणि विचारलं, "सूर्य कुठे उगवतो?" मुलगा म्हणाला, "रोज वेगळीकडे." साहेब हसले, मुख्याध्यापक घामाघूम झाले. साहेबांनी मुलाला समजावलं, बाळ, पूर्वेला. मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "वांधा आहे साहेब." आणि बारा वाजताच्या उन्हात त्या साहेबांना गच्चीवर घेऊन गेल्या. कठड्यावर कोळशाच्या खुणा होत्या, प्रत्येकीखाली तारीख. मुलं चार महिने आठवड्यातून एकदा पहाटे येऊन, ठरलेल्या फरशीवर उभं राहून, सूर्य कठड्याच्या कुठल्या विटेवर येतो ते लिहून ठेवत होती. खुणा हातभर सरकलेल्या होत्या. साहेबांनी रुमालाने टकलावरचा घाम पुसला, तपासणी वहीत 'शिक्षिका उत्साही परंतु उद्धट' असा शेरा मारला, आणि गेले. बाईंनी तो शेरा स्वतःच्या हाताने उतरवून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली लावला. 'परंतु' या शब्दाखाली रेघ मारली होती.

बाई देवमाणूस होत्या असं काही मी म्हणत नाही. ज्याला वांध्यात गोडी नाही तो पोरगा त्यांच्या लेखी भिंतीतला दगड. अशा पोरांचं काय व्हायचं ते झालं, बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. दहावीचा पोर्शन कधी वेळेवर संपवला नाही. निकालात गणित पडायचं आणि पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन भांडायचे. त्यांच्याकडे रागाला बांध नव्हता. एकदा दोन दिवस शाळेत कुणाशी बोलल्या नाहीत, कारण शिपायाने फळा पुसला होता.

मग ते दिवस आले. बाजार खुला झाला म्हणाले. छपरांवर ताटल्या उगवल्या, गल्लीगल्लीत पिवळे फोनबूथ आले, आणि त्यांच्याच जोडीने कोचिंग. जो तो पोराला इंजिनियर करून अमेरिकेला पाठवायला निघाला. अमीरपेठेत तर एकेका इमारतीत चार चार क्लास. भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, शंभर शंभर, सगळे एकाच घाबरलेल्या चेहऱ्याचे. त्यातल्याच एका मोठ्या क्लासने, नाव घेत नाही, सगळ्या शहरातल्या शाळांसाठी एक स्पर्धा काढली. जिज्ञासू विद्यार्थ्यांचा शोध! पहिल्या येणाऱ्याला अकरावी-बारावीची दोन वर्षं फुकट सीट, वसतिगृहासकट. शोध कसला, पुढल्या वर्षी भिंतीवर लावायला फोटो हवे होते त्यांना.

बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांच्यासमोर मंजुळा होती.

मंजुळा दहावीत. वडील मलकपेठेच्या रेसकोर्सवर घोडे सांभाळायचे. पहाटे तीनला उठून खरारा, दाणावैरण, लीद. शाळेत कधी आले तर दाराबाहेरच उभे राहायचे, अंगाला घोड्याचा वास येतो म्हणून. मंजुळाचं ठरलेलं होतं, दहावी झाली की अंबरपेठेतल्या काकाच्या कटपीसच्या दुकानात बसायचं. वांध्याच्या फळ्यावर मात्र तिच्यासारखं पोर बाईंनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. चार वर्षांत तिने बाईंचे स्वतःचे नऊ प्रश्न मोडले होते. "हिला दोन वर्षं कुणी सांभाळलं ना, ए पुणे," बाई मला म्हणाल्या, "तर ही पोट्टी मला शिकवील." असं त्या कुणाबद्दल बोलत नसत.

अडचण एकच होती. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि तेलुगूत. बाई अमीरपेठेला चार खेपा घालून आल्या आणि मराठीत पेपर मिळवला. "आमच्या पोरी हुशार आहेत, इंग्रजीत हुशार नाहीत," एवढंच त्या तिथे बोलत राहिल्या म्हणे. ते लोक वैतागून म्हणाले, ठीक आहे, भाषांतर तुमच्याच शाळेतलं कुणी तरी करा, आमच्या ऑफिसात बसून. मला गाडी पाठवली. मी एका बंद खोलीत बसून तीस प्रश्नांचं भाषांतर केलं, फार सुबक अक्षरात. मला मोठा अभिमान वाटत होता.

त्यात हा प्रश्न होता. रमा म्हणाली, "परवा मी तेरा वर्षांची होते आणि पुढच्या वर्षी मी सोळा वर्षांची होईन." हे ती कोणत्या तारखेला म्हणाली? चार पर्याय. एकतीस डिसेंबर, एक जानेवारी, एकोणतीस फेब्रुवारी, सांगता येत नाही.

उत्तर एक जानेवारी. वाढदिवस एकतीस डिसेंबरचा. परवा तीस तारखेला तेरा, काल चौदा, या वर्षाच्या शेवटी पंधरा, पुढच्या वर्षाच्या शेवटी सोळा. झालं.

मंजुळाने 'सांगता येत नाही' हा गोळा काळा केला. आणि कडेला, जिथे काही लिहायची परवानगी नव्हती तिथे, बारीक अक्षरात लिहिलं, "परवा म्हणजे कधीही. पाच जानेवारीलाही म्हणू शकते, सात तारखेलाही."

एका गुणाने ती दुसरी आली. दुसऱ्याला एक घड्याळ होतं.

हैदराबादेत ज्याने चार दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगायला नको. इथला माणूस 'परसों' म्हणाला की ते दोन दिवसांपूर्वीचंही असतं आणि दहा वर्षांपूर्वीचंही. "परसों निजाम गया," असं म्हणणारा म्हातारा मी स्वतः ऐकलाय. इथल्या मराठी पोरांचा 'परवा' तसाच ऐसपैस. मंजुळाच्या परवात आठवडा आरामात मावत होता. आणि तो मावला की तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मला हे त्या क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

बाई मोपेडवरून थेट माझ्या घरी आल्या. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "दोन दिवसांपूर्वी असं लिहायला तुझा हात दुखत होता?"

"परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वीच," मी म्हटलं.

"कुणाचा परवा?"

"मराठीतला."

"मग मी काय बोलते गं? फारसी?" त्यांचा आवाज शेजारी ऐकू गेला असणार. "दोन ओळी लिहून दे. शब्दाचे दोन अर्थ होतात, एवढंच लिही. तू भाषांतर केलंस, तू लिहिलंस तर ते ऐकतील."

मी नाही लिहिलं. का नाही लिहिलं? माझं भाषांतर सदोष होतं हे लेखी द्यायचं, आणि तेही घोडेवाल्याच्या पोरीची बोली प्रमाण धरून? मी त्यांना म्हटलं, "अशुद्ध बोलण्याला आपण मान्यता द्यायची का बाई?" हे माझे शब्द. आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग अमीरपेठेला सुनावणी झाली, भाषांतर माझं म्हणून मलाही बोलावलं होतं. सुनावणी म्हणजे काय, एक थंडगार खोली, काचेचं टेबल आणि टायवाला एक को-ऑर्डिनेटर. बाईंनी अर्धा तास मुद्दा मांडला, दखनीत, तेलुगूत, मोडक्या इंग्रजीत. तो घड्याळ बघत होता. शेवटी माझ्याकडे वळला. "मॅडम, आप तो पुणे के हैं ना? प्युअर मराठी. आप बताओ, परवा का क्या मीनिंग?"

मी म्हटलं, "द डे बिफोर यस्टरडे."

"दूसरा कुछ मीनिंग?"

"नाही."

"बस, हो गया," तो उठला. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, टेबलाच्या काचेकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. वीस वर्षं त्या शाळेत होत्या, वादात कुणीही त्यांना गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. ते मी करून दाखवलं.

बक्षीस समारंभ मोठ्या सभागृहात होता. पहिल्या आलेल्या मुलाला हार घालत होते तेवढ्यात मधल्या रांगेतून आवाज आला, "वांधा आहे!" अख्खं सभागृह वळलं. बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या. "प्रश्न चुकलाय तुमचा! प्रश्न तपासा आधी!" दोन सुरक्षारक्षकांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. जाताना त्या ओरडतच होत्या. आमचे मुख्याध्यापक दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी एका उर्दू पेपरात चार ओळी छापून आल्या की एका टीचर अम्मांनी जलशात गोंधळ घातला, म्हणे गरीब मुलीवर अन्याय झाला.

त्या चार ओळींनी काम केलं. ज्यांचा धंदाच भिंतीवरच्या फोटोंवर चालतो त्यांना असल्या ओळी परवडत नाहीत. निरोप आला, मुलीला विशेष म्हणून सीट देऊ. अट एक. माझं उत्तर चुकलं, माझी काही तक्रार नाही, असं मुलीने स्वतःच्या हाताने मराठीत लिहून द्यायचं. खाली वडिलांची सही, कंधारकर बाईंनी हरकत मागे घेतल्याची सही, आणि भाषा तपासल्याची माझी सही. माणसं बघा कशी असतात! नुसती सीट देऊन भागत नव्हतं, त्या पोरीकडून कबुली हवी होती.

आता बाई त्या टायवाल्याला फाडून खातील अशी माझी खात्री होती. त्यांनी ठरलेल्या दिवशी मंजुळाला मोपेडवर मागे बसवलं आणि अमीरपेठेला आल्या. मी आणि मंजुळाचे वडील बसने आलो. स्पर्धा होऊन तेव्हा दीड महिना उलटला होता, दहावीची परीक्षा संपली होती, शाळेला सुट्टी लागली होती आणि बाईंच्या निवृत्तीला काही दिवसच राहिले होते. क्लासच्या इमारतीला अरुंद जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि मंजुळापुढे धरला. "लिही."

मंजुळाने हात मागे घेतले. "बाई, चुकलं नाही ना पण."

"मला माहितेय चुकलं नाही. लिही."

"मग कायकू लिहू? तुम्हीच बोलल्या, का माहीत नसलं तर लिहायचं नाही."

वडील खालच्या पायरीवरून म्हणाले, "बाई सांगायल्यात तर लिही की बेटा. लिहायला काय जातंय? शिकशील तरी."

"मी नाही लिहिणार, बाबा. खोटं आहे ते. दुकानात बसते मी."

बाईंनी तिच्या थोबाडीत मारली.

जिन्यात आवाज घुमला. बाई रागीट होत्या, पण वीस वर्षांत त्यांनी कुठल्या मुलाला बोट लावलेलं नव्हतं. मंजुळा रडली नाही. "दुकानात बसते म्हणे," त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "तू दुकानात बसलीस तर मी इतकी वर्षं फळ्यावर काय खरडलं गं? लिही. ते चोर आहेत, त्यांच्याकडून घे काय मिळतं ते. शीक. मग ये आणि भांड त्यांच्याशी. आत्ता लिही."

मंजुळा पायरीवर बसली, कागद गुडघ्यावर घेतला आणि चार ओळी लिहिल्या. बाईंनी कागद वाचला. मग जरा वेळ तसाच हातात धरून ठेवला, आणि माझ्याकडे दिला. "ए पुणे, शुद्धलेखन बघ. यांना शुद्ध लागतं."

मी वाचलं. एका ठिकाणी वेलांटी ऱ्हस्व होती ती दीर्घ केली. एक अनुस्वार घातला. खाली 'भाषा तपासली' असं लिहून सही केली. आम्ही आत गेलो. टायवाल्याने कागद माझ्याकडून मोठ्यांदा वाचून घेतला, प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारला, मीही सांगितला. "गुड, व्हेरी गुड," म्हणाला. शिक्का मारला, झेरॉक्स काढून एक प्रत बाईंच्या हातात दिली, आणि मंजुळाला ओळखपत्राच्या फोटोसाठी आतल्या खोलीत पाठवलं. वडील तिच्यामागे गेले.

मी आणि बाई जिन्यात आलो. मला हलकं वाटत होतं, खरं सांगायचं तर थोडं उपकार केल्यासारखंही. बाईंनी ती प्रत माझ्यासमोर धरली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

"परवा झालेल्या स्पर्धेत माझे उत्तर चुकले," मी वाचलं.

"स्पर्धा कधी झाली?"

दीड महिना. मी ते वाक्य दोनदा वाचलं होतं. त्याच्या खालच्याच ओळीतली वेलांटी दुरुस्त केली होती. त्या माणसाला अर्थ सांगताना मी 'लास्ट मंथ' म्हणाले होते. अगदी सहज, अडखळले नव्हते.

"तिने मुद्दाम नाही लिहिलं," बाई म्हणाल्या. "ती बोलते तसं तिने लिहिलं. आणि तू बोलतेस तसं तू वाचलंस. पुण्यात पण परवा असाच असतो, हौ की नाही?"

"हो," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर 'का' न विचारता हो म्हटलं. मग माझ्या अंगात कुठून तरी अवसान आलं. "चला बाई, आत जाऊ. दाखवू त्याला. त्याचाच शिक्का आहे, माझीच सही आहे. मी सांगते, मी खोटं बोलले होते. तिचं उत्तर बरोबर आहे."

बाईंनी दाराकडे पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. हातात तो कागद होता, त्यावर असा वांधा होता की त्यांच्या ट्रंकेत दुसरा निघाला नसता.

"नक्को," त्या म्हणाल्या. "सीट जाईल."

त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये सारल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढे शाळा उघडली तेव्हा त्या नव्हत्या, भावाकडे नांदेडला गेल्या होत्या. मी तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. चौथं पाठवलं तेव्हा भावाने कळवलं की बाई वारल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जिन्यातच. आतून फोटोवाला मंजुळाला सांगत होता, "अम्मा, मुँह जरा उधर कर लो, ये गाल लाल दिखरा." बाई भिंतीला टेकून, माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. आतला फ्लॅश उडाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि हेल्मेट घातलं.